पावणेदहाची नजर

गुरुवारी पावणेदहाला देवरूखहून ती नजर आली, आणि दत्तात्रेय आठल्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. आली बाई, असं ते मनाशी म्हणाले.

रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी पतसंस्थेची मुख्य कचेरी. तिच्या मागच्या गार खोलीत २००६ साली त्यांची ड्युटी होती. सगळ्या शाखांचा कारभार ज्या सर्व्हरवर चाले, तो धड आहे ना, हे पडद्यावर बघत बसायचं. ठिपका हिरवा असला तर काम नाही, लाल झाला तर बोंब. बहुतेक हिरवाच असायचा. आत यायला दुसऱ्या कोणाला परवानगी नव्हती. शिपाई रावजी चहा आणायचा, तोही दाराशी ठेवून पळायचा. दिवसात दहा वाक्यं बोलणं झालं तर खूप.

शाखांना सर्व्हरशी थेट बोलता येत नसे. अनिश नावाच्या तरुण इंजिनियरनं सुरक्षेसाठी प्रत्येक शाखेत एकेक मधलं यंत्र बसवलं होतं. त्याला तो प्रॉक्सी म्हणे. कोणी काही विचारलं की ते यंत्र पुढे व्हायचं, स्वतःच्या नावानं विचारायचं आणि उत्तर माघारी पोचवायचं. "लग्नातला मध्यस्थ हो काका," असं त्यानं समजावलं होतं. "दोन्हीकडच्यांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही." त्यामुळे नोंदीत पडायचं ते फक्त शाखेचं नाव, इथे देवरूखचं. मागे कोण बसलंय, देव जाणे.

बाकी सगळे सर्व्हरची तब्येत विचारत. ही एक नोंद मात्र निराळी होती. दर सोमवारी आणि गुरुवारी पावणेदहाला कोणीतरी फक्त ड्युटीचं पान उघडायचं. शाखांना फोन कोणाला करायचा ते कळावं म्हणून त्या पानावर रोज सकाळी ‘द. वि. आठल्ये, हजर’ अशी ओळ टाकायची पद्धत होती. तेवढीच ओळ बघायची आणि निघून जायचं. सर्व्हर जगला काय, मेला काय, त्या माणसाला सोयरसुतक नव्हतं.

आठल्ये हजर आहेत का, याची पंचाईत देवरूखात कोणाला असणार? एकच नाव होतं, आणि ते घरात घ्यायची बंदी त्यांनीच घातली होती. आर्या.

पाच वर्षांपूर्वी गुरुप्रसाद नावाचा पोरगा त्यांच्या हाताखाली शिकायला आला. देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरातलं गाव, शेतकऱ्याचं घर, जात निराळी. हुशार होता म्हणून आठल्यांनीच त्याला दोनदा घरी जेवायला नेलं. काम शिकला आणि लेक घेऊन गेला. आठल्यांनी त्याची बदली देवरूखला करवली आणि लेकीला सांगितलं, मी घरात असेपर्यंत या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. बायको मालिनी रडली, मग बोलायचीच थांबली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असा माणूस. चार वर्षं घरात दोन माणसं आणि एक रेडिओ.

ती नजर सुरू झाल्यापासून मात्र पीळ सुटायला लागला. सोमवार-गुरुवारी ते दाढी जास्त नीट करू लागले. पडद्यावरून दाढी दिसत नाही, हे त्यांना कळत होतं. हल्ली मालिनीही बरी हसायची. संध्याकाळी ताटात घावन पडायचे, कधी खांडवी. वय झालं की माणूस निवळतं, असं ते धरून चालले.

श्रावणात तापानं आठवडाभर घरी होते. परत येऊन नोंदी बघतात तर सोमवारी ते पान पाच वेळा उघडलेलं, गुरुवारी सात. ड्युटीवर नाव अनिशचं. पोरगी पुन्हा पुन्हा येऊन बघत होती, बाबा आले का, बाबा आले का. त्या गार खोलीत एकटे बसून आठल्ये रडले. नंतर त्यांना फार बरं वाटलं.

अनिशच्याही ध्यानात ती नोंद आली होती. कामाशिवाय कोणी डोकावणं बरं नव्हे, ही वाट बंद करतो, असं तो म्हणाला. एरवी टाचणी हरवली तरी चौकशी लावणारे आठल्ये त्याच्या अंगावरच गेले. ती वाट आहे तशी राहील, म्हणाले. माझ्या जबाबदारीवर.

आणि आज गुरुवारी त्यांचा निश्चय झाला. लेक चार वर्षांनी दारात उभी राहू शकत नसेल, तर बापानं तिच्या दारात जावं. साडेअकराला त्यांनी अनिशला खोलीत बसवलं. घरी जायचं, मालिनीला सांगायचं आणि तिला घेऊनच रहाटाघरच्या स्टँडवरून देवरूखची एसटी पकडायची. तीस वर्षांच्या नोकरीत ते भर दुपारी घरी गेले नव्हते.

नियमाप्रमाणे अनिशनं पानावरचं नाव बदलायला हात पुढे केला.

"राहू दे ते," आठल्ये म्हणाले. "माझंच नाव असू दे. नाही दिसलं तर कोणीतरी उगाच काळजीत पडेल."

खालच्या आळीतल्या घराशी ते रिक्षातून उतरले. मनात शब्द जुळवत होते. मालिनी, माझं चुकलं, एवढंच आधी म्हणायचं ठरवलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातून मालिनीचं हसणं ऐकू आलं. असं हसणं त्यांनी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. ते तसेच आत गेले.

मालिनी जमिनीवर बसून दोनेक वर्षांच्या मुलीला भरवत होती. मुलगी त्यांना बघून घाबरली आणि "आजी" म्हणत तिच्या पदरात शिरली. चुलीपाशी आर्या उभी होती. तिनं हातातलं उलथनं हळूच खाली ठेवलं. वडिलांकडे तिनं बघितलंच नाही. मुलीला उचलून कडेवर घेतलं, भिंतीवरची पिशवी काढली आणि आईला खालच्या आवाजात म्हणाली,

"निघायच्या आधी बघितलं होतं गं आई. पानावर तर बाबा हजर होते."