बटईचं वावर

बेसा गावाजवळचं ते मुरमाड बरड मालकानं जयवंताला अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, बटईनं दिलं, तेव्हा त्यात कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. दर उन्हाळ्यात जयवंता आणि त्याची बायको वच्छला गावानं फेकलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या डोक्यावर वाहून आणत. खड्ड्यात पेटवून वरून माती लोटत, म्हणजे राख न होता कोळसा पडे. तो कुटून, शेणाच्या पाण्यात भिजवून वावरात मिसळत. लोक हसत. पाचव्या वर्षी माती ओल धरू लागली, तेव्हा जयवंतानं वच्छलाचा हात धरून त्या मातीत दाबला. सातव्या वर्षी ज्वारी डोक्याच्या वर गेली.

कापणी झाल्यावर मालक आला. मूठभर काळी माती उचलून बराच वेळ बोटांनी चाळत राहिला.

"सोनं केलं गा तू जयवंता," तो मनापासून म्हणाला. "आता पुढच्या सालापासून वावर मी घरीच करतो, बटईनं देत नाही."

महिन्याभरात शेजारच्या गावातल्या एका शेतमालकानं दोघांना बोलावून आपलं पडीक बरड दाखवलं.

"तुह्या हाताले गुण आहे म्हणतेत. हे किती वर्षांत सुधरन?"

"पंधरा," जयवंता म्हणाला.

परतताना वच्छलानं विचारलं, "पंधरा काहून सांगतले तुमी? आपलं तं सातातच झालं."

जयवंता तिच्याकडे न बघता चालत राहिला.

"वावर सुधरलं का आपल्याले उठवतेत," तो म्हणाला. "या खेपेले कोळसा थोडाथोडाच टाकू वं."