न बघता दिलेला पास

"अगदी कुमुदचाच खेळ," मैदानाकडेच्या खुर्च्यांवरची जुनी मंडळी पुन्हा म्हणाली. कुमुदताई कसनुसं हसल्या. नागपूरच्या या बास्केटबॉल मैदानावर त्यांच्या तोडीची, संघाचा खेळ रचणारी पॉइंट गार्ड झाली नाही, असं इतकी वर्षं सगळे म्हणायचे. आता सोळा वर्षांच्या ऋजुताशी चाललेली तुलना त्यांना जरा टोचतच होती.

सामना संपता संपता ऋजुता बास्केटखाली घुसली. दोघीजणी तिच्या अंगावर धावल्या. तिनं नजर डावीकडे ठेवली आणि चेंडू अलगद उजवीकडच्या मैत्रिणीला दिला. बास्केट झाली, सामना जिंकला. कुमुदताई ताडकन उभ्या राहिल्या. असा पास त्यांना कधीच जमला नव्हता.

त्या थेट मैदानात गेल्या. ऋजुता पाया पडायला वाकली.

"ते राहू दे. तो पास कसा दिलास, दाखव."

"ताई, मी तुम्हाला शिकवू?"

"मग कोण शिकवणार?" म्हणत कुमुदताईंनी पदर खोचला.

त्यांचा पहिला चेंडू थेट खुर्च्यांत गेला आणि जुनी मंडळी सैरावैरा पळाली.

"मनगट सैल सोडा, ताई," ऋजुता हसू दाबत म्हणाली.

कुमुदताईंनी निमूटपणे मनगट सैल सोडलं आणि पुन्हा चेंडू मागितला.