कमानीखालची हाक

“या बारीला तूच हाक मार. माझा गळा बसलाय,” असं म्हणून द्रौपदाबाई कमानीच्या पायाशी एका दगडावर टेकल्या.

कल्याणी जागची हलली नाही. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हाक मारायची ती सासूनं. सुनेनं मागं उभं राहून फक्त ऐकायचं.

जुन्नरच्या बाहेर, कांद्याच्या वावरांमध्ये तो घुमट उभा होता. घुमट म्हणायचं एवढंच. कुठल्याशा सुलतानानं जिवंतपणीच स्वतःच्या कबरीसाठी काम काढलं आणि तो दूर मुलखात मेला, तिकडंच मातीआड झाला. इथं चार भिंती उठल्या होत्या, भिंतींत देखण्या कमानी उठल्या होत्या, कमानींच्या माथ्यावर दगडात कमळं उमलली होती. तेवढ्यावर काम थांबलं ते कायमचं. आत कबर नाही, वर छत नाही. भर दुपारीही त्या कमानींखाली गारवा असायचा, आणि कुणीतरी भिंतीआड बोलता बोलता आपल्याला पाहून थांबलंय असं वाटत राहायचं.

बेपत्ता माणसाला इथं हाक मारायची, असं द्रौपदाबाई म्हणायच्या. मधल्या कमानीखाली उभं राहून नाव घ्यायचं. माणूस जिवंत असला तर ओ येते. वर्षातून एकदा, एकच नाव, एकच हाक. दुसरं नाव घेतलं की कमान मुकी होते. बाबासाहेबांची तसबीर लावलेल्या त्या घरात असलं काही बोलायचीही चोरी होती. पण लेक हरवलेल्या आईला अडवायचं कुणी?

द्रौपदाबाईंचा लेक, कल्याणीचा नवरा समाधान अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात कांद्याचा ट्रक घेऊन बिहारकडं गेला होता. पुरात ट्रक वाहून गेला. पुढं ट्रक सापडला, क्लीनरचं प्रेत सापडलं. समाधान सापडला नाही. कल्याणीच्या लग्नाला तेव्हा चौदा महिने झाले होते.

तेव्हापासून दर साली दोघी राजुरीहून एसटीनं जुन्नरला यायच्या, तिथून चालत इथं. द्रौपदाबाई सगळा जीव गोळा करून ओरडायच्या, “समाधाऽऽन!” आणि दगडातून उत्तर यायचं, “...धाऽऽन.” जरा उशिरा, जरा घोगरं. द्रौपदाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणायच्या, “हाय गं माझं पोरगं. कुठं का असंना, हाय.” तेवढ्यानं कल्याणीचं आणखी एक वर्ष वाट बघणं ठरून जायचं. मग भाकरी थापताना, वावरात खुरपताना तो घोगरा आवाज तिच्या मानेमागं यायचा. मागं कुणी नसतं हे ठाऊक असूनही ती दर वेळी वळून बघायची.

यंदा तिचा भाऊ सोपान स्थळ घेऊन आला होता. घोडेगावचा नवनाथ. पंचायत समितीत शिपाई, पहिली बायको आजारपणात गेलेली. दोनदा घरी येऊन गेला, दोन्ही वेळा कल्याणीशी खाली मान घालून बोलला. माणूस तिला आवडला होता. पण तिनं उत्तर दिलं नव्हतं. नवरा जिवंत असलेल्या बाईनं काय उत्तर द्यायचं?

“मार की गं,” द्रौपदाबाई म्हणाल्या.

कल्याणी मधल्या कमानीखाली जाऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडलं आणि नाव घेतलं, पण इतक्या हळू, की समोर बसलेले पारवेही उडाले नाहीत.

“समाधान.”

कमान गप्प राहिली.

तिला आपल्याच हातानं त्याला पुरात लोटून दिल्यासारखं झालं. ती वळली, तर सासू तिच्याकडंच बघत होती.

“मोठ्यानं का न्हाई मारलीस?”

“भ्या वाटलं.”

“कशाचं? ओ येणार न्हाई याचं?”

कल्याणीनं नकारार्थी मान हलवली. खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“येईल याचं, आत्याबाई.”

द्रौपदाबाई मग गुडघ्यावर हात रेटून उठल्या, कल्याणीला हलकेच बाजूला सारून कमानीखाली उभ्या राहिल्या. बसलेल्या गळ्यातून एवढा आवाज कुठून आला कोण जाणे.

“भागुजीऽऽ!”

कल्याणीच्या अंगावर सरसरून काटा आला. भागुजी म्हणजे तिचे सासरे. पूर येण्याच्या आदल्या साली वारलेले. चाळीस वर्षांच्या संसारात द्रौपदाबाईंनी ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं.

“...गुजीऽऽ,” कमानींतून ओ आली. तशीच. जरा उशिरा, जरा घोगरी.

“आत्याबाई, मामा तर...”

“माझ्या डोळ्यांदेखत सरणावर जळाले. तूबी व्हतीस.” द्रौपदाबाई तिच्याकडं न बघता बोलत होत्या. “हितं समद्यांचीच ओ येती पोरी. दगूड हाय त्यो. समाधान गेला. सोपानला निरोप धाड, घोडेगावचं स्थळ आमाला पसंत हाय म्हणावं.”

कल्याणी मटकन खाली बसली. तिला रडू फुटलं. ते नवऱ्यासाठी होतं, की सहा वर्षांनी सुटल्याचं होतं, तिचं तिलाच कळेना. रडं ओसरल्यावर तिनं वर पाहिलं.

“तुम्हाला हे आज कळलं?”

द्रौपदाबाईंनी कमानीच्या दगडाला हात टेकला.

“पयल्याच साली. तू हापशावर पाणी प्यायला गेली व्हतीस, तवा मी त्यास्नी हाक मारून बघितली व्हती. पर पोरगं गेलं, आन् तूबी गेली असतीस, तर त्या घरात मी येकलीच ऱ्हायले असते ना गं.”