अंजिराखाली

प्रायश्चित्ताच्या उपवासाला जेरुसलेममधल्या आमच्या गल्लीच्या सिनेगॉगमध्ये योना संदेष्ट्याची गोष्ट वाचायचा मान वडील गेल्यापासून माझा. यंदा रब्बींनी तो मेनाशेला दिला. मेनाशे माझा धाकटा भाऊ. दारूपायी त्यानं संसार मोडला, आईच्या बांगड्या विकल्या, आणि गेल्या महिन्यात रडत परत आला.

"चुकलो म्हणाला, तेवढ्यावर भागलं?" मी रब्बींना विचारलं.

"मग आजचा दिवस कशासाठी असतो रे, हिझकिया?"

मी पाय आपटत बाहेर पडलो. आज कातडी जोडे वर्ज्य, त्यामुळे कापडी सपातांचा धड आवाजही होईना. अंगणातल्या अंजिराखाली बसलो. म्हटलं, आता याची कशी फजिती होते ते इथूनच ऐकू. पण मेल्याचा आवाज अगदी बाबांसारखा लागला! आत बायका मुसमुसायला लागल्या. माझ्या वाचनाला इतक्या वर्षांत कुणाचा डोळा ओलावला नव्हता. सावली सरकेल तसा मीही चरफडत सरकत राहिलो.

एवढ्यात खिडकीतून माझी बायको विदा वाकली.

"अहो, आत या. सगळे तुमच्याकडे बघून हसतायत."

"हसायला काय झालं? कुठवर आलाय तो?"

"देवानं त्या पापी शहराला माफ केलं," विदा पदरानं तोंड दाबत म्हणाली, "आणि ते न बघवून योना बाहेर झाडाखाली रुसून बसलाय."