पंख्याखालचं वजन

आप्पेपात्राचे सात खळगे होते आणि सातही छर्‍यांनी भरले होते. केतकीने तीन दिवस खपून पाचशे छर्रे सोनारी काट्यावर एकेक करून तोलले आणि वजनाप्रमाणे खळग्यांत वाटले होते. सगळ्यात हलका ०.५० ग्रॅम, सगळ्यात जड ०.५६. एअर पिस्तूलच्या राज्य स्पर्धेत जायला निवड चाचणीत सहाशेपैकी पाचशे चाळीस गुण हवे होते आणि तिची गाडी पाचशे अठ्ठावीसला अडली होती. पदार्थविज्ञानात एमएस्सी झालेल्या केतकीला कारण सापडलं होतं. छर्रेच एकसारखे नव्हते!

"त्यात शिसं ठेवलंस? आता आप्पे तुझ्या कोचलाच घालते," असं म्हणत आईने समई लावण्यासाठी पंखा बंद केला.

काट्यावरचा छर्रा ०.५५ वरून ०.५३ वर आला आणि तिथेच थांबला. केतकीने जड खळग्यातला एक ठेवला. ०.५३. हलक्यातला ठेवला. ०.५३. तीन दिवस ती इमानेइतबारे वारा मोजत होती.

"छर्रे सगळे सारखेच आहेत गं," ती पडेल आवाजात म्हणाली.

"मग नेम कशाने चुकतो?"

केतकीने पिस्तूल धरल्यासारखा हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

"पंखा तर बंद आहे," आई म्हणाली.

पुढचा महिनाभर केतकी रोज खलातला बत्ता पिस्तुलासारखा हातात तोलून भिंतीसमोर उभी राहिली आणि आईने चटण्या मिक्सरवर वाटल्या. चाचणीच्या दिवशी केतकीने छर्रे डब्यातून हाताला येतील तसे भरले.

गुण : पाचशे एकेचाळीस.