शिवणीतली माया

"शिवणीत माया ठेव गं, पोर वाढतेय," सासूबाईंनी सदरा बेततानाच बजावलं होतं. म्हणजे थोडं जास्तीचं कापड आत दुमडून ठेव, पुढे उसवून मोठं करता येतं. सुनेने हसण्यावारी नेलं. "आई, माया मी कमी करते का तिच्यावर? ढगळ दिसतं ते." आणि कडेचं सगळं कापड कात्रीने साफ छाटून टाकलं.

आता तोच सदरा घालून लेक शाळेच्या नाटकात वाहतूक पोलीस झाली होती. पुठ्ठ्याच्या मोटारी गळ्यात अडकवून मुलं येणार, हिने हात उंच करून "थांबा!" म्हणायचं. काम एवढंच. पण ही पाहुणे आले की पडद्यामागे लपणारी! त्यात सदरा काखेत आवळलेला. रंगमंचावर जाण्याआधी आईने कानात सांगितलं होतं, "हात अर्धाच उचल हं राणी, नाहीतर उसवेल."

मुलगी अंग चोरून, कोपर बरगडीला चिकटवून उभी राहिली. मोटारी आल्या. हात अर्धा वर गेला.

"थांबा." आवाजही अर्धाच.

पहिली मोटार थांबलीच नाही. पोलिसाला धक्का देऊन निघून गेली. सभागृहात खसखस पिकली. आईने पदर मुठीत घट्ट धरला.

"आवाज काखेत अडकलाय तिचा," शेजारून सासूबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात मुलीने पाय रोवले आणि हात सरळ वर नेला. टर्रर्र! काखेपासून कमरेपर्यंत शिवण गेली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. मुलीचा हात मात्र तसूभरही खाली आला नाही.

"थांबा म्हणते ना!"

हे वाक्य नाटकात नव्हतंच. मोटारी जागच्या जागी थबकल्या. एक तर घाबरून मागे सरकली.

"बाई गं! कुणाची ही?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझी!" सासू-सून एकदमच म्हणाल्या, आणि दोघींनीही मान वळवून विचारणारीकडे नीट पाहिलं, ऐकू गेलं ना म्हणून.

तुमच्याही घरी एखादं मूल असंच कोपर आवळून उभं असेल. शहाणं, शांत, कुणाला त्रास न देणारं. जरा उठून बघून या, काखेत काचतंय का त्याला.