सात उत्तरं

“गुरुजी, बुद्धी आणि प्रज्ञा एकच असतील, तर आपली चूक कळल्यावरही माणूस वाद का घालत राहतो?”

पाठशाळेच्या वादसभेत शर्वाणीने प्रश्न टाकला. दोन्ही एकच, हे त्र्यंबकशास्त्री चाळीस वर्षं शिकवत आले होते. याच शर्वाणीलासुद्धा.

प्रश्न ऐकताच त्यांना आतून लख्ख कळलं, पोरगी बरोबर आहे. तरी डोकं कामाला लागलंच. एक सूत्र आठवलं, मग एक दृष्टान्त. तिच्या संस्कृतातल्या चुका काढून तिला रडवताही आलं असतं. बघता बघता सात उत्तरं तयार झाली. पुढच्या रांगेतले विद्वान माना डोलवायला टपूनच बसले होते.

शास्त्रीबुवांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि ते उठले. हरलेल्याने आपलं उपरणं जिंकणाऱ्याच्या खांद्यावर घालायचं, ही सभेची रीत. त्यांच्यावर ती वेळ कधी आली नव्हती. त्यांनी आपलं उपरणं काढून शर्वाणीच्या खांद्यावर घातलं.

उपरणं सावरत ती पुटपुटली, “गुरुजी, तुमच्या ओठांवर उत्तर आलं होतं.”

“एक नाही, सात होती,” ते म्हणाले. “म्हणून तर तुझं म्हणणं खरं ठरलं.”